‘अनोळखी माणसाशी बोला, जीव वाचेल’ : या पोस्टरवर बाईच्या सुरक्षिततेचं काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात काम करतात. 10 सप्टेंबरच्या जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनासाठी कंपनीत पोस्टर लावायचं ठरलंय आणि मराठी मजकुराचं काम त्यांच्याकडे आलंय. कल्पना ब्रिटनमधल्या एका मोहिमेवरून घेतलेली आहे : स्टेशनवर, स्टॉपवर कुणी एकटं, हरवल्यासारखं दिसलं तर जवळ जा, दोन शब्द बोला. ताईंनी बैठकीत विचारलं, रात्री पाळी सुटल्यावर बाईनंही अनोळखी पुरुषाजवळ जायचं का? त्यावर एकजण म्हणाला, “तिथं माणसाचा जीव जातोय आणि तुम्हाला स्वतःची पडलीय.” ताई गप्प बसल्या. पण त्यांच्या विचारण्याला कारण होतं. सातपूरच्या एका स्टॉपवर त्यांनी रडणाऱ्या एका माणसाला “बरं वाटत नाहीये का?” असं विचारलं होतं. त्यानंतर तो माणूस रोज त्याच वेळेला तिथे येऊन थांबायला लागला, मागोमाग बसमध्ये चढायला लागला. शेवटी त्यांनी वेळ आणि बस दोन्ही बदलली. आता त्या विचारतायत : मी स्वार्थी आहे का? आणि पोस्टरवर लिहू तरी काय?

मी नाशिकमध्ये गेली बरीच वर्षं मानसोपचाराशी संबंधित सामाजिक कार्य करते. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. शिवाय कॉलेजांमध्ये, कंपन्यांमध्ये स्वयंसेवकांची शिबिरं घेते. त्या अनुभवावरून सांगते.

ताई, तुम्ही स्वार्थी नाही. बैठकीत तुम्ही जे विचारलंत ते पोस्टर करणाऱ्यानं आधीच स्वतःला विचारायला हवं होतं. एखाद्यानं मदत करावी की नाही, असा हा वादच नाही. पोस्टर वाचणाऱ्या प्रत्येकीवर आपण एक जबाबदारी टाकतोय, तेव्हा ती पार पाडताना तिच्या पाठीशी कोण उभं आहे, हे त्या पोस्टरवर लिहिलंय का? ते लिहिलेलं नसेल तर पोस्टर अर्धवट आहे.

आधी मूळ मोहिमेबद्दल. ‘स्मॉल टॉक सेव्ह्ज लाइव्ह्ज’ ही मोहीम 2017 मध्ये समॅरिटन्स ही संस्था, तिथले रेल्वेमार्ग सांभाळणारी नेटवर्क रेल आणि ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस यांनी मिळून सुरू केली. आत्महत्येचा विचार मनात असलेल्या माणसाचं ते विचारचक्र कुणाच्या तरी साध्या बोलण्यानं मध्येच तुटू शकतं, हा तिचा पाया. तो खरा आहे. ती तीव्र घालमेल कायम टिकत नाही, ओसरते, आणि त्या वेळेत कुणी आडवं आलं तर माणूस वाचतो, हे मी वाचलेल्यांच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकलंय. म्हणून मोहिमेला नावं ठेवायचा माझा हेतू नाही.

पण आपल्याकडे तिचा व्हिडिओ फिरतो तेव्हा दोन गोष्टी गळून जातात. पहिली अशी, की त्या मोहिमेत स्वतःच्या मनाचा कौल ऐका, जवळ जाणं सुरक्षित वाटत नसेल तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला किंवा पोलिसांना सांगा, असंही स्पष्ट म्हटलेलं आहे. फॉरवर्ड होता होता एवढंच उरतं : जा आणि बोला. दुसरी अशी, की तिथे ‘सांगा’ म्हटलं की सांगायला माणूस आहे. फलाटावर गणवेशातला कर्मचारी असतो, आणि रेल्वे पोलिसांना न बोलता नुसता संदेश पाठवायचा असेल तर 61016 हा वेगळा नंबर आहे. सातपूरच्या स्टॉपवर रात्री साडेनऊला बाई उभी असते तेव्हा तिथे ना कर्मचारी, ना दुकान उघडं, ना धड दिवा. वाक्य तेच, पण मागची यंत्रणा गायब.

अशा मोहिमांमध्ये नेहमी सांगितली जाणारी एक खरी हकीकतही बघा. 2008 च्या जानेवारीत लंडनच्या वॉटर्लू ब्रिजवर जॉनी बेंजामिन हा तरुण जीव द्यायच्या तयारीनं उभा होता. कामावर निघालेला एक अनोळखी माणूस थांबला, त्याच्याशी बोलला, आणि जॉनी वाचला. पुढे 2014 मध्ये त्यानं त्या माणसाला शोधून काढलं. तो नील लेबर्न. फार सुंदर हकीकत आहे आणि ती सांगितली पाहिजे. फक्त एवढं लक्षात ठेवा, की दोघंही तरुण पुरुष होते. तीच हकीकत एकट्या बाईला जशीच्या तशी लागू होईल असं धरून चालणं चूक आहे.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यात 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. मरणाऱ्यांत दहापैकी सात पुरुष. म्हणजे ‘अस्वस्थ दिसणाऱ्या अनोळखी माणसाजवळ जा’ असं बाईला सांगतो, तेव्हा ‘अनोळखी पुरुषाजवळ जा’ असंच बहुतेक वेळा सांगत असतो. तेव्हा तुमची शंका हा एखादा अपवादाचा, कोपऱ्यातला मुद्दा नव्हे. हाच नेहमी घडणारा प्रसंग आहे.

मग बाईनं काहीच करायचं नाही का? करायचं, पण काय करायचं ते जागेवर, वेळेवर आणि सोबतीवर अवलंबून आहे. हे सोडून सरसकट सल्ला देता येत नाही. दुपारी बारा वाजता रविवार कारंजावर गर्दीत कुणी रडत बसलंय आणि रात्री अकराला नाशिकरोडला गाडी गेल्यावर रिकाम्या झालेल्या फलाटाच्या टोकाला कुणी उभं आहे, या दोन प्रसंगांत माझा स्वतःचा सल्ला वेगवेगळा आहे. पहिल्या ठिकाणी मी जाऊन बोलेन. दुसऱ्या ठिकाणी मी, एवढी वर्षं हेच काम करूनही, एकटी जाणार नाही. मी माणूस गाठेन.

एक प्रसंग सांगते, सांगणारीच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही असा. माझ्या शिबिरात येऊन गेलेली एक नर्स संध्याकाळी ठक्कर बाजारच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होती. समोरच्या बाकावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. धुळ्याची गाडी लागली, सुटली. पुन्हा लागली, पुन्हा सुटली. तो दोन्ही वेळा उठून दारापर्यंत गेला आणि मागे आला. मग त्यानं खिशातलं पाकीट काढून पिशवीत ठेवलं, मोबाइल त्यावर ठेवला, पिशवीची गाठ मारली आणि ती बाकावर तशीच ठेवून उठला. नर्सला ते बरं वाटेना. ती त्याच्याजवळ गेली नाही. सरळ चौकशी खिडकीवर गेली आणि आतल्या कंट्रोलरना म्हणाली, “साहेब, तो निळ्या शर्टातला माणूस दोन गाड्या सोडून बसलाय, सामान ठेवून निघालाय, मला त्याच्या जिवाची काळजी वाटतेय. तुम्ही जरा बोलता का?” कंट्रोलर खुर्चीवरून उठले, बाहेर आले आणि गेली वीस वर्षं जे विचारत आलेत तेच विचारलं : “भाऊ, कुठं जायचंय?” तो काही बोलेना. कंट्रोलरनी पिशवी उचलली, त्याच्या हातात दिली, आणि “चला, आत पंख्याखाली बसू” म्हणून घेऊन गेले. तासाभरानं त्याचा भाऊ आला. नर्स तोपर्यंत आपल्या गाडीनं निघूनही गेली होती. नंतर मला म्हणाली, “मॅडम, मी तर काहीच केलं नाही.”

तिनं सगळं केलं होतं. तिनं पाहिलं, तिला पटलं, आणि ज्याला बोलायचा अधिकार आहे त्याला तिनं उठवलं. कंट्रोलरनं ‘कुठं जायचंय’ विचारलं तर त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तेच बाईनं विचारलं तर ऐकणारा त्याचा काय अर्थ काढेल हे तिच्या हातात नसतं. म्हणून शिबिरात मी बायकांना आणि मुलींना हाच मार्ग पहिला शिकवते. दुसरं काही जमलं नाही तर करायचा म्हणून नव्हे, पहिला मार्ग म्हणूनच.

माणूस गाठायचा म्हणजे कोण? स्टँडवर कंट्रोलर, कंडक्टर. नाशिकरोडला रेल्वे सुरक्षा दलाचा जवान, लोहमार्ग पोलीस, तिकीट तपासनीस, आणि कुणीच नसेल तर हमाल किंवा चहाच्या स्टॉलवरचा माणूस. रस्त्यावर रिक्षा स्टँड, मेडिकलचं दुकान, गजरेवाली मावशी, एखादं कुटुंब. सांगताना “तो वेडा आहे”, “तो पिऊन बसलाय” असं म्हणू नका, कारण मग ऐकणारा हाकलायला जातो. “त्याच्या जिवाला धोका वाटतो” असं म्हणा.

फोन करायचा असेल तर कुठला, यात लोकांचा गोंधळ होतो. धोका आत्ता, या क्षणी दिसत असेल तर 112. माणूस प्रत्यक्ष जागेवर पाठवणारी सेवा ती आहे. रेल्वेच्या हद्दीत 139 सुद्धा चालतो. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेला; चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. तो बोलण्यासाठी आहे, आणि ज्याला त्रास होतोय त्यानंच करायला हवा असं नाही, काळजी करणाऱ्यालाही तिथे विचारता येतं. 112 ला सांगताना जागा नेमकी सांगा : कुठला फलाट, कुठल्या दुकानासमोर, कुठल्या दिशेला तोंड, अंगावर काय कपडे. आणि ते सांगताना स्वतः उजेडात, चार माणसांत उभ्या राहा.

पोलिसांना कळवलं तर त्या माणसावरच केस होईल, ही भीती मला प्रत्येक शिबिरात ऐकू येते. म्हणून कायदाही सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याला उपचार, पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंड संहितेतलं कलम 309, ज्यात असा प्रयत्न हाच गुन्हा होता, ते 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. सरकारी माणसावर दबाव आणण्यासाठी कुणी तसं केलं तर तेवढ्यापुरतं वेगळं कलम आहे. मानसिक आजारामुळे स्वतःच्या जिवाला धोका असलेला माणूस आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोहोचवायचं असतं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. तेव्हा कळवून आपण कुणाला अडकवत नाही.

आता, बाईला स्वतःला बोलावंसं वाटलं तर. वाटेलच कधी तरी, आणि मी तिला अडवणार नाही. चार माणसांच्या नजरेत राहून, दोन-तीन हात अंतरावरून, उभ्यानंच बोला. त्याच्या बाकावर जाऊन बसू नका. सुरुवात अशी असावी की जिला सहज उत्तर देता येईल : “दादा, सिन्नरची गाडी गेली का?” एवढंसुद्धा पुरतं. त्यानं मान वर केली, उत्तर दिलं, तर “बराच वेळ बसलाय, कुणाला बोलवायचं आहे का?” असं विचारा. तिथे ‘मी आहे ना’ म्हणू नका. ‘तुमच्या घरचं कोण आहे, त्यांना लावू का’, ‘या साहेबांना बोलावते’ असंच म्हणा, म्हणजे धागा तुमच्यापाशी न अडकता पुढच्या माणसाकडे जातो.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या शिबिरात मी हे सांगत होते तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, त्यानं माझा नंबर मागितला तर?” मुलं हसली. ती हसली नाही, तिच्या शेजारच्या मुलीही हसल्या नाहीत. मी हसणाऱ्यांपैकी एका मुलाला पुढे बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, तू तो माणूस, माग हिचा नंबर. त्यानं मागितला. मुलगी गप्प. मी म्हटलं, आता पुन्हा माग, ती नाही म्हणाली तरी माग. तिसऱ्यांदा मागताना त्याचाच आवाज खाली गेला. मग आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर ठरवलं : “माझा नंबर नाही देणार. हा 14416 लिहून घ्या, इथे रात्री-बेरात्री कुणीतरी उचलतं.” हे त्या मुलींनी मोठ्यानं, चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. दुःखात असलेल्या माणसाला नकार देणं क्रूर आहे असं आपल्या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं, म्हणून हे वाक्य तोंडात बसवून घ्यावं लागतं. माणूस खरोखर दुःखी असू शकतो आणि तोच तुमच्या मागे लागणाराही असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. तुमच्या सातपूरच्या प्रसंगात बहुधा तेच झालं. तुम्ही विचारलंत ते योग्यच होतं, आणि नंतर त्यानं पाठलाग केला तो त्याचा दोष होता. पुढे असं कधी झालं तर बस बदलून गप्प राहू नका. 112 किंवा महिलांसाठीचा 181 वापरा. बाईनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं हा गुन्हा आहे, तो माणूस दुःखी असला तरीही.

या पोस्टरची दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही, आणि मला ती जास्त टोचते. ‘एकटं कुणी दिसलं तर जवळ जा’ हे वाक्य पुरुषही वाचणार. स्टॉपवर एकटी उभी असलेली, थकलेली, नवऱ्याशी भांडून निघालेली, डोळे पुसणारी बाई. तिच्याजवळ आता कुणीही येऊन “काय झालं, टेन्शन आहे का?” म्हणू शकतो, वर “मी तर मदत करत होतो” हे उत्तर तयार. चांगल्या मनाचा पुरुषसुद्धा तिला त्या क्षणी धोकाच वाटतो, आणि ती घाबरून तिथून निघून गेली तर आपण तिला चार माणसांतून उठवून अंधारात ढकललं असं होतं. छळाला कंटाळून घराबाहेर पडलेल्या बायका मला सांगतात, की त्या रात्री सर्वात जास्त भीती वाटली ती चौकशी करायला येणाऱ्या पुरुषांची. म्हणून पुरुषांसाठी वेगळं वाक्य लिहाच : बाई अडचणीत दिसली तर स्वतः जवळ जाऊ नका, आसपासच्या दुसऱ्या बाईला सांगा, कुणीच नसेल तर लांबूनच “ताई, फोन लावून देऊ का कुणाला?” एवढं विचारा, ती नाही म्हणाली तर मागे व्हा आणि नजरेच्या टप्प्यात राहून 112 ला कळवा.

इथवर जे सांगितलं ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाबद्दल झालं. पण कंपनीच्या पोस्टरचा रोख मुळात तिकडे असावा का? माझं मत, नसावा. 2022 च्या त्याच अहवालात आत्महत्या केलेल्या स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. फलाटावर नव्हे, घराच्या चार भिंतींत ही माणसं जातात. पुरुषांचंही तसंच, शेवटचे कित्येक दिवस ते कामावर येत असतात. डबा न उघडता परत नेतात, हप्त्यांच्या फोननं कावतात, ओव्हरटाइम सोडायला लागतात, उसने घेतलेले पैसे अचानक परत करतात, “माझं काही खरं नाही” म्हणतात. हे पाहणारा अनोळखी नसतो. तो शेजारच्या मशीनवरचा माणूस असतो, लाइनवरची मैत्रीण असते. तिथे बाईला सुरक्षितपणे विचारता येतं, कारण दिवस आहे, चार माणसं आहेत, सुपरवायझर आहे. आणि तिथे थेट विचारता येतं : “जीव नकोसा वाटतोय का? स्वतःला संपवायचे विचार येतात का?” विचारल्यानं मनात नसलेला विचार येतो, हा गैरसमज आहे, जागतिक आरोग्य संघटनाही त्याला गैरसमजच म्हणते. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी हे विचारते तेव्हा बहुतेकदा त्याचे खांदे सैल होतात. कुणीतरी शेवटी विचारलं म्हणून.

म्हणून ताई, मी तुमच्या जागी असते तर मजकूर साधारण असा केला असता :

“आपल्यातलं कुणी गप्प झालंय? डबा परत नेतंय? विचारा. शांतपणे ऐका. एकट्यानं सांभाळू नका, पाळीच्या सुपरवायझरना सांगा. बोलण्यासाठी 14416, चोवीस तास, मराठीत.

रस्त्यात, स्टॉपवर अनोळखी कुणी संकटात दिसलं तर आधी स्वतः सुरक्षित जागी थांबा. जवळच्या कर्मचाऱ्याला, दुकानदाराला सांगा किंवा 112 ला फोन करा. कळवणं हीच मदत आहे. जवळ जाण्याची सक्ती कुणावरही नाही.”

पुरुषांसाठीचं वाक्य याखाली त्याच आकाराच्या अक्षरांत घ्या, तळाशी बारीक टाइपात नको. एखाद्या पुलाचं, घाटाचं, धरणाचं नाव किंवा फोटो टाकू नका. लटकती दोरी, रिकामा फलाट, डोक्याला हात लावून बसलेला माणूस, असली चित्रंही नकोत. जागा आणि पद्धत दाखवल्यानं आधीच त्या विचारात असलेल्या माणसाला ती सुचते, म्हणून माध्यमांनाही तसं न करण्याच्या सूचना आहेत. गेटवरच्या सुरक्षा केबिनचा नंबर पोस्टरवर छापून घ्या आणि केबिनमधल्या माणसांना, तिन्ही पाळ्यांच्या, अर्धा तास बसवून समजावून सांगा की असा फोन आला तर काय करायचं. ते झाल्याशिवाय पोस्टर भिंतीवर लावू देऊ नका. आणि एक प्रत बायकांच्या चेंजिंग रूमच्या आतल्या बाजूला लावा, जिथे उभं राहून कुणी बघत नसताना नंबर टिपून घेता येईल.

बैठकीत पुन्हा कुणी “स्वतःची पडलीय” म्हणालं तर त्यांना विचारा, रात्रपाळीची बस बायकांना नेमकी कुठे सोडते आणि तिथे दिवा आहे का. पोस्टरच्याच बैठकीत हेही ठरवून घ्या. मजकुराचा कच्चा खर्डा झाला की पाठवा, मी वाचून कळवते.